ताकातले स्कोन: या चुका टाळा, निदान मे महिन्यात तरी

स्कोन म्हणजे इंग्रजांचा चहाबरोबर खायचा जाड, खुसखुशीत छोटा पाव. बेकिंगमध्ये त्याच्याइतका सोपा पदार्थ क्वचित सापडेल. यीस्ट नाही, फेटणं नाही, अंडंही लागत नाही. तरी माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यांनी घरी आधी करून पाहिलेले असतात, ते एकच तक्रार घेऊन येतात: "ताई, फुगलेच नाहीत." मग मोबाइल पुढे होतो. फोटोत चपट्या, कडेनं करपलेल्या चकत्या. दोष आधी रेसिपीला, मग मैद्याला, शेवटी ओटीजीला, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनला. रेसिपी बहुतेक वेळा बरोबरच असते. फक्त ती लिहिणाऱ्याच्या स्वयंपाकघरात अठरा-वीस अंश तापमान असतं, आणि आपण नागपुरात राहतो.

मी वापरते ते प्रमाण आधी सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं. २५० ग्रॅम मैदा, अडीच छोटे चमचे बेकिंग पावडर, पाव छोटा चमचा खायचा सोडा, एक मोठा चमचा साखर, ७५ ग्रॅम बटर, १५० मिली घट्ट ताक. बटर खारं असेल तर वरून मीठ नको. २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं. ५ सेंटिमीटरचे सात-आठ होतात. वाटीनं मोजू नका. प्रत्येकीच्या घरची वाटी वेगळी आणि प्रत्येकीला आपलीच वाटी प्रमाण वाटते. साधा वजनकाटा घ्या.

बटर गार आहे, पण बाकीचं?

स्कोनमध्ये बटर विरघळवायचं नसतं. त्याचे बारीक तुकडे मैद्यात घट्टच राहायला हवेत. बटरमध्ये साधारण ८० टक्के स्निग्धांश आणि १५-१६ टक्के पाणी असतं. ओव्हनच्या झळीत तुकडा वितळतो, त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पीठ वर उचलते. तेच बटर परातीतच वितळलं, तर मैदा ते पिऊन टाकतो. मग उचलायला काही उरत नाही, आणि गोळा ओव्हनमध्ये गेला की आडवा पसरतो. बटर वीस अंशांच्या पुढे मऊ व्हायला लागतं आणि पस्तिशीपर्यंत पार पाणी होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. हिशेब तुम्हीच करा.

"पण मी तर बटर फ्रीजरमधून काढलं होतं!" हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. प्रतापनगरातल्या एका विद्यार्थिनीचं असंच झालं. बटर फ्रीजरमधलं, ताक फ्रीजमधलं, सोडा नवा, आणि स्कोन दर वेळी पापड. शेवटी वैतागून म्हणाली, "ताई, तुम्हीच या आणि बघा." गेले. भर दुपार, सगळ्यात वरचा मजला, दिवसभर तापलेला स्लॅब. कूलर हॉलमध्ये, कारण स्वयंपाकघरात लावला तर गॅस फडफडतो. मी मुद्दाम काही बोलले नाही, नुसती बघत उभी राहिले. तिनं बटर किसलं, अगदी बरोबर किसलं. मैदा काढायला डबा उतरवला, तो थेट स्लॅबखालच्या फळीवरून. मी त्यात हात घातला तर मैदा चक्क गरम! परातही तापलेली, कारण ती ओट्यावर नुकत्याच उतरवलेल्या कुकरला टेकून ठेवलेली. अशा मैद्यात आणि अशा परातीत फ्रीजरमधलं बटर किती वेळ टिकणार? बोटांनी चोळेपर्यंत सगळं पिवळं, तेलकट, हाताला चिकटणारं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं मैदा, परात आणि किसणी, सगळं अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून मग सुरुवात केली. स्कोन टम्म फुगले. तोवर तिच्या नवऱ्यानं सहा हजारांचा नवा ओटीजी आणलेला होता आणि अजूनही त्या घरात श्रेय ओटीजीलाच आहे.

माझी स्वतःची सवय अशी: एप्रिल ते जून या काळात मैदा, पावडर, सोडा, साखर आदल्या रात्रीच एकत्र चाळून स्टीलच्या डब्यात भरते आणि डबा फ्रीजरमध्ये टाकते. सकाळी सहाच्या आत काम उरकते. बटर मोठ्या भोकांच्या किसणीवर किसायचं आणि बोटांच्या टोकांनीच चोळायचं, कारण तळहात गरम असतो. तुरीच्या दाण्याएवढे तुकडे दिसले की थांबायचं. मिश्रण बोटांना तेलकट लागलं तर नेटानं पुढे जाऊ नका, परातीसकट दहा मिनिटं फ्रीजरमध्ये सरकवा. कापलेले स्कोनही ओव्हनआधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्येच. दुपारी अडीच वाजता हौस आली म्हणून करायला घेणाऱ्यांना माझ्याकडे उपाय नाही. कूलरसमोर परात मांडणारेही पाहिलेत. कूलरची हवा गार असते तशीच ओलीही असते, आणि मैदा घरभर उडतो तो वेगळाच.

बटरऐवजी तूप घालू नका. तुपात पाणी नाही, म्हणजे वाफ नाही; खुसखुशीत होतील, पण ती नानकटाई. घरचं पांढरं लोणी चालतं, फक्त ते दाबून त्यातलं ताक काढा आणि कडक गोठवा. डालडा गरमीत जास्त टिकतो हे खरं, पण खाल्ल्यावर टाळूला जो थर बसतो तो मला सोसत नाही.

ताक पातळ, मग मैदा जास्त, मग मळणं

या तीन चुका दिसतात वेगळ्या, पण एकीतून दुसरी निघते. परदेशी रेसिपीतलं बटरमिल्क विरजण लावून घट्ट केलेलं असतं, ओतलं की जाड धार पडते. आपण जेवणाबरोबर पितो त्या ताकात निम्म्याहून जास्त पाणी. ते १५० मिली ओतलं की पीठ सैल होतं. सैल पीठ पाहून मैद्याची मूठ पडते, मग आणखी एक. तो मैदा नीट मिसळायचा म्हणून मळणं सुरू होतं. मळलं की ग्लुटेन, म्हणजे मैद्यातल्या प्रथिनांची चिवट जाळी, तयार होतं, आणि स्कोन चिवट.

म्हणून विकतचं ताक नकोच. सायीच्या दुधाचं ताजं दही घ्या, तीन भाग दह्यात एक भाग दूध घालून रवीनं दोनदा फिरवा. झालं बटरमिल्क. वरून ओतायचं तेही एकदम नाही. दोन मोठे चमचे मागे ठेवा. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल धरून बसतो, तेव्हा ते दोन चमचे लागतच नाहीत. एकीनं डेअरीतून पिशवीतलं मसाला ताक आणलं होतं. हिंग-जिऱ्याच्या स्कोनवर स्ट्रॉबेरी जॅम खायचा योग त्या दिवशी आला.

आता मळण्याबद्दल. यात नवशिक्या मुलींपेक्षा मुरलेल्या सुगरणी जास्त चुकतात. महाल भागातल्या एक काकू आमच्याकडे आल्या होत्या. त्यांच्या पुरणपोळीपुढे मी हात टेकते. पण माझ्या परातीतलं पीठ बघून त्यांना राहवेना. "हे असं भुसभुशीत काऊन ठेवतेस बाई? तडे जातील ना!" मी दाराशी कोण आलंय ते पाहायला गेले, तेवढ्यात काकूंनी तेलाचा हात लावून पीठ मस्त तिंबलं, गोळा केला, वर ओलं फडकं टाकलं आणि सांगितलं, "मुरू दे अर्धा तास." पोळीची कणीक म्हणून पाहिलं तर तो गोळा सुरेख होता. पण ताक पडल्या क्षणी सोडा काम सुरू करतो. अर्ध्या तासात त्याचा बराचसा वायू फडक्याखालीच निघून गेला. भाजल्यावर काकूंनीच एक उचलून परातीच्या काठावर वाजवून पाहिला. "चहात बुडवून खाऊ," म्हणाल्या, आणि खरंच खाल्ले.

ताक ओतल्यावर हात घालूच नका. चमचा किंवा काटा घ्या, दहा-बारा वेळा फिरवा, कोरडा मैदा दिसेनासा झाला की ओट्यावर काढा. थापा, दुमडा, पुन्हा थापा, असं तीन-चारदा. लाटणं नको. पीठ खडबडीत दिसलं पाहिजे, कडेला तडे दिसले पाहिजेत. जाडी अडीच सेंटिमीटर. पातळ थापून "फुगतील की" म्हणणारे पुष्कळ भेटतात. फुगतात, पण अर्ध्या सेंटिमीटरचं कोणी अडीच करून देणार नाही.

बाकीचं भराभर

कापताना पुरीसाठी वापरतो ती वाटी किंवा डब्याचं झाकण नको. बोथट कड थर चिमटून बंद करते. धारदार कटर सरळ खाली, सरळ वर; पिळायचा नाही. मी तर सुरीनं चौकोन कापते, तुकडे उरतच नाहीत. उरलेले तुकडे पुन्हा गोळा करून केलेले स्कोन नेहमी थोडे चिवट होतात, ते मुलांना द्या.

ट्रेमध्ये लांब लांब मांडू नका. जवळ मांडले की एकमेकांच्या आधारानं वर चढतात.

दूध लावायचं ते फक्त माथ्यावर. बाजूंना ओघळलं की थर चिकटतात.

सोडा जास्त घातला म्हणजे जास्त फुगतील, हा गैरसमज कधी जाणार कोण जाणे. १५० मिली ताकाच्या आंबटपणाला पाव चमचा सोडा पुरतो. त्यावरचा नुसता उरतो, आणि मग साबणाची चव आणि पिवळे डाग. इतवारी बाजारातून सुटा सोडा आणत असाल तर आधी चिमूटभर लिंबाच्या रसात टाकून पाहा. बेकिंग पावडर गरम पाण्यात टाका. फसफसली नाही तर फेकून द्या, मोह धरू नका.

ओव्हन आधी तापवा. ओटीजीचा दिवा गेला म्हणजे आतल्या भिंती तापल्या असं नाही. वीस मिनिटं द्या. दोन्ही रॉड चालू, ट्रे मधल्या किंवा खालच्या खाचेत. आणि काचेतून बघा, दर तीन मिनिटांनी दार उघडू नका. वळवाच्या वादळात ऐन वेळी लाइट गेली, तर कापलेले स्कोन फ्रीजरमध्ये टाका, फ्रीजरचं दार मात्र उघडू नका. लाइट आली की गोठलेलेच भाजा, तीन-चार मिनिटं जास्त.

मायक्रोवेव्हमधले स्कोन, कुकरमधले स्कोन, "दोन मिनिटांत कपमधला स्कोन": मला विचारू नका.

बरोबर काय द्यायचं

इथली पहिली चूक म्हणजे केकवाल्यांकडचं व्हिप क्रीम. ते बहुतेक वनस्पती तेलाचं असतं, गोड आणि पोकळ. इंग्लंडात स्कोनवर क्लॉटेड क्रीम लावतात, म्हणजे मंद आचेवर तापवून तसंच गार होऊ दिलेल्या दुधावरची जाड साय. तिथल्या कॉर्नवॉल परगण्याच्या क्लॉटेड क्रीमला १९९८ मध्ये युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालं, त्यात किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. आपल्या म्हशीच्या दुधाची रात्रभर गार केलेली साय त्याच्या बरीच जवळ जाते. फेटू नका, साखर घालू नका, चमच्यानं उचलून ठेवा. शेजारच्या डेव्हन परगण्यात आधी क्रीम मग जॅम, कॉर्नवॉलमध्ये उलट, यावर तिकडे वाद घालतात. मी आधी साय लावते, कारण जॅमवर ती घसरते.

संत्र्याचा मार्मलेड, म्हणजे सालीसकट केलेला जॅम, घरी करणाऱ्यांची नेहमीची तक्रार: सेट होत नाही. तिकडचा मार्मलेड सेव्हिलच्या कडू, जाड सालीच्या संत्र्यांचा असतो. आपलं संत्रं सैल, पातळ सालीचं. जॅम घट्ट धरवणारं पेक्टिन असतं ते सालीखालच्या पांढऱ्या भागात आणि बियांत, आणि तो पांढरा भाग आपल्या संत्र्यात बेताचाच. म्हणून किलोभर संत्र्यांना तीन-चार लिंबांचा रस घालते आणि लिंबाच्या, संत्र्याच्या सगळ्या बिया मलमलच्या पुरचुंडीत बांधून त्यातच उकळते. साली आधी दोनदा उकळून पाणी फेकते, नाहीतर कडवटपणा जात नाही. १०४-१०५ अंशांना मार्मलेड धरतो. थर्मामीटर नसेल तर फ्रीजरमधल्या बशीवर थेंब टाकून बोटानं सरकवा, सुरकुती पडली की गॅस बंद. आंबिया बहाराची संत्री नोव्हेंबर-डिसेंबरात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मृगाची जास्त गोड, तेव्हा साखर हात राखून.

तिखट स्कोन करायचे तर साखर वगळा, ओवा आणि बारीक चिरलेली मेथी घाला, वर पांढरं लोणी आणि कडेला ठेचा. टोमॅटोच्या साराबरोबरही छान लागतात. सावजी रश्शात बुडवायचा हट्ट आमच्या घरातही आहे. माझं म्हणणं, रस्सा भाकरीबरोबर खा, स्कोनची चवच लागत नाही.

चहा कमी साखरेचा ठेवा. आणि पाहुणे पाचला येणार असतील तर पाहुण्यांसाठी स्कोन सकाळी भाजून ठेवू नका. पहाटे कापून गोठवा, साडेचारला भाजायला टाका. उरलेच तर दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १६० अंशांवर पाच मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये रबर होतात. उघडताना सुरी लावू नका, हातानं मधोमध फोडा. नीट झालेला स्कोन कुठे फुटायचं ते कडेच्या भेगेवर स्वतःच दाखवतो.