आयपीएमच्या मुलाखतीची तयारी: सुरुवात स्वतःच्या अर्जापासून

बारावीनंतर थेट प्रवेश देणारा पाच वर्षांचा एकात्मिक व्यवस्थापन अभ्यासक्रम, म्हणजेच आयपीएम, आयआयएम इंदूरने २०११ साली सुरू केला. इंदूरच्या राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर या भागांतल्या मराठी घरांतली मुलेही त्याची परीक्षा देतात. लेखी परीक्षेसाठी भंवरकुआ परिसरात हवे तेवढे क्लास आहेत, त्यामुळे गणित आणि इंग्रजीची तयारी बहुतेकांची पद्धतशीर झालेली असते. मुलाखतीसाठी निवड झाल्याचे कळले की मात्र घरात धावपळ सुरू होते आणि हाती असलेले दिवस अपेक्षित प्रश्नांची उत्तरे पाठ करण्यात जातात. माझ्या मते हा वेळेचा सर्वांत वाईट उपयोग आहे, कारण अनुभवी प्राध्यापकांना पाठ केलेले उत्तर दुसऱ्याच वाक्याला ओळखू येते आणि त्यानंतर ते मुद्दाम पाठांतराच्या पलीकडचे विचारतात.

मुलाखतीचे बरेचसे प्रश्न तुम्ही स्वतःच लिहून दिलेले असतात. अर्जात भरलेली शाळा, विषय, गुण, छंद, स्पर्धा आणि गाव एवढीच माहिती समोर बसलेल्या दोन-तीन जणांना तुमच्याबद्दल असते, आणि ते तिथूनच सुरुवात करतात. म्हणून पहिले काम असे की भरलेल्या अर्जाची छापील प्रत घ्यावी, परक्या माणसाचा अर्ज वाचावा तशी ती वाचावी आणि प्रत्येक शब्दाखाली एकामागून एक तीन प्रश्न पेन्सिलीने लिहावेत. पहिला प्रश्न कोणालाही सुचेल असा असतो, दुसरा त्याच्या उत्तरातून निघतो आणि तिसऱ्याला तुम्हाला त्या गोष्टीत खरोखर रस आहे की नाही हे उघड होते.

सरावासाठी माझ्यासमोर बसलेल्या एका मुलाने छंदाच्या रकान्यात ‘क्रिकेट’ लिहिले होते. काय टाकतोस, असे विचारल्यावर त्याने उत्साहाने लेगस्पिन सांगितले. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेला चेंडू यष्ट्यांवर जाणार असला तरी पायचीत देत नाहीत, हा नियम त्याला माहीत होता. पण असा नियम का केला असेल, असे विचारताच तो गप्प झाला. त्याचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये शोधावे लागत नाही. त्या बाजूने येणारा चेंडू फलंदाजाला नीट दिसत नाही, आणि हा नियम नसता तर गोलंदाज सतत पायांवरच मारा करत राहिले असते, एवढे स्वतः विचार करून सांगता आले तरी पुरते. पुढे होळकर संघाचा विषय निघाला. इंदूरच्या या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला आणि त्याचे कर्णधार सी. के. नायडू हेच १९३२ साली लॉर्ड्‌सवर झालेल्या भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार होते, हे त्याच्या कानावरून कधी गेलेच नव्हते. क्रिकेट हा छंद आणि इंदूर हे गाव एकाच अर्जात असल्यावर हा प्रश्न येणे अगदी स्वाभाविक आहे.

हीच गोष्ट गाणे शिकणाऱ्यांची. शास्त्रीय गायन असे लिहिणाऱ्या इंदूरच्या मुलीला उस्ताद अमीर खाँ कोण, त्यांच्या गायकीला इंदूर घराणे का म्हणतात, ते विलंबित ख्यालासाठी चौदा मात्रांचा झुमरा का पसंत करत, हे विचारले जाऊ शकते. तालाचे नाव ठाऊक असणे पुरेसे नाही, टाळी-खाली हातावर दाखवता आली पाहिजे. ज्या छंदाबद्दल तीन प्रश्नांपर्यंत टिकता येत नाही तो अर्जात लिहूच नये. ‘वाचन’ हा शब्द तर फार विचार करून लिहावा, कारण त्यानंतर शेवटचे वाचलेले पुस्तक कोणते हे ठरलेलेच असते. अर्ज आधीच भरून गेला असेल, तर उरलेल्या दिवसांत त्या एका छंदावर मन लावून काम करावे.

बारावीच्या विषयांबाबत सूत्रांपेक्षा अर्थ महत्त्वाचा असतो. गणित आवडते म्हणणाऱ्याला अवकलन करायला सांगण्याऐवजी अवकलज शून्य आला म्हणजे तिथे कमाल किंवा किमान मूल्य असतेच का, असे विचारतात. क्ष च्या घनाचे उदाहरण देऊन ‘नाही’ म्हणता आले आणि आलेख कागदावर काढून दाखवता आला की काम झाले. शून्याचे क्रमगुणित एक का मानतात, तेवीस जणांच्या वर्गात दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक कशी, असे प्रश्नही याच जातीचे आहेत. वाणिज्य शाखेच्या मुलांनी महसुली तूट आणि राजकोषीय तूट यांतला फरक, रेपो दर वाढल्याचा घरकर्जाच्या हप्त्यावर होणारा परिणाम आणि ताळेबंदाच्या दोन्ही बाजू का जुळतात, हे आजीला समजेल इतक्या सोप्या शब्दांत सांगून पाहावे. सांगताना जिथे अडखळायला होते, तिथे आपल्यालाच ते पुरते कळलेले नसते.

आता गावाबद्दल. इंदूरच्या मुलांना इंदूरवर प्रश्न येतात आणि आश्चर्य म्हणजे तिथेच ती सर्वांत कमी तयार असतात. ‘आमचे शहर देशात सर्वांत स्वच्छ’ हे प्रत्येक जण सांगतो. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून इंदूर सलग पहिले येत गेले आणि २०२३ च्या सर्वेक्षणात पहिला क्रमांक सुरतबरोबर वाटून मिळाला, हेही पुष्कळांना माहीत असते. मात्र हे कशामुळे साधले, याचे उत्तर कचरागाडीच्या गाण्यापाशी थांबता कामा नये. घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा होत असल्यामुळे देवगुराडियाच्या प्रकल्पात दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून सुमारे १७,००० किलो बायो-सीएनजी बनवण्याची क्षमता उभी करता आली, आणि तो प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. घरात वेगवेगळे न केलेला कचरा आला तर हा प्रकल्प का चालणार नाही, याचा विचार करून गेलात, तर व्यवस्थापन शिकू इच्छिणाऱ्या मुलाला शोभेल असे बोलता येईल. शहराचे जे बिघडले आहे, म्हणजे वाहतूक किंवा खान नदीची अवस्था, तेही मोकळेपणाने सांगावे. गावाची बाजू घेणे हे तुमचे काम नाही.

इतिहासात एक चूक फार आढळते. विमानतळ आणि विद्यापीठ दोन्हींना अहिल्याबाईंचे नाव असल्यामुळे त्यांनी इंदुरातून राज्य केले असे मुले ठामपणे सांगतात. त्यांनी १७६७ ते १७९५ या काळात कारभार पाहिला तो महेश्वरहून. होळकरांची राजधानी इंदुरात आली ती १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर.

सर्वांत अवघड प्रश्न तुमच्या निर्णयाविषयीचा असतो: सतराव्या-अठराव्या वर्षी व्यवस्थापनच का, आणि आधी पदवी घेऊन नंतर कॅट, म्हणजे पदवीनंतरची व्यवस्थापन प्रवेश परीक्षा, का देत नाही? इथे ‘नेतृत्वगुण’, ‘समाजासाठी काहीतरी’ असे शब्द मोठ्या घाऊक प्रमाणात वापरले जातात आणि त्यांतून तुमच्याबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगावी. काकांचे सियागंजच्या बाजारात दुकान असेल आणि पावसाळ्याआधी कोणता माल किती भरायचा, उधारी कोणाची किती दिवस चालू द्यायची हे ते कसे ठरवतात हे सुट्टीत पाहिले असेल, तर त्यातून पडलेला प्रश्न हेच खरे कारण असू शकते. आईबाबांनी सुचवले म्हणून अर्ज भरला असेल तर तेही सांगायला हरकत नाही. मात्र त्यानंतर अभ्यासक्रमाची माहिती स्वतः काढली आणि त्यातले काय पटले, हे पुढच्याच वाक्यात आले पाहिजे.

भाषेची धास्ती आपल्या मुलांना अधिक असते, कारण घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि मुलाखत इंग्रजीत. उच्चार बदलण्याच्या मागे अजिबात लागू नये. रोज संध्याकाळी एखाद्या बातमीवर दोन मिनिटे इंग्रजीत मोठ्याने बोलून ते मोबाइलवर रेकॉर्ड करावे आणि ऐकताना एवढेच पाहावे की वाक्य सुरू केले ते पूर्ण केले का. लहान वाक्ये करावीत. वर्तमानपत्रातली एक बातमी नीट वाचून तिच्या दोन्ही बाजू मांडता येणे हे दहा मथळे लक्षात ठेवण्यापेक्षा जास्त उपयोगाचे आहे.

सराव मुलाखत घरच्यांनी घेऊ नये. आई मध्येच सावरून घेते आणि बाबा उत्तर सांगून टाकतात. ओळखीतले निवृत्त बँक अधिकारी, महाविद्यालयात शिकवणारी एखादी मावशी, किंवा ज्यांना तुम्ही ‘अहो काका’ म्हणता पण ज्यांच्याशी फारसे बोललेला नाहीत अशा कोणाला तरी अर्जाची प्रत आधी देऊन विनंती करावी. दोन-तीन बैठका पुरतात. त्याहून अधिक झाल्या की उत्तरांना घडी पडते.

कागदपत्रांसाठी संस्थेच्या पत्रातली यादीच प्रमाण मानावी आणि मूळ गुणपत्रिका, लागू असल्यास जातीचे प्रमाणपत्र, ओळखपत्र व प्रती त्याच क्रमाने लावाव्यात. मुलाखत आयआयएम इंदूरच्या प्रबंध शिखर या परिसरात असेल तर राऊच्या बाजूची गर्दी धरून निघावे. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे आणि आधी एकदा घालून पाहिलेले असावेत.

खोलीत गेल्यावर एखाद्या प्रश्नाचे उत्तर येणार नाहीच. तेव्हा ‘माहीत नाही’ असे सरळ सांगावे, आणि अंदाज बांधता येण्यासारखा असेल तर विचार करायला वेळ मागून मोठ्याने विचार करावा, कारण तुम्ही उत्तराकडे कसे जाता हेच त्यांना पाहायचे असते. कोणी मुद्दाम तुमचे म्हणणे खोडून काढले तर त्यांचा मुद्दा बरोबर आहे का हे आधी तपासावे. पटला तर मान्य करावा, नाही पटला तर कारण देऊन आपल्या मतावर राहावे. शेवटी ‘तुम्हाला काही विचारायचे आहे का’ असे म्हणाले, तर संस्थेच्या संकेतस्थळावर ज्याचे उत्तर आधीच आहे असे काही विचारू नये.

पालकांना एक विनंती आहे. मूल बाहेर आल्याआल्या फाटकापाशीच त्याची उलटतपासणी घेऊ नका. आधी त्याला जेवू द्या. नंतर, त्याच दिवशी, त्याने स्वतः बसून विचारलेले सगळे प्रश्न क्रमाने वहीत उतरवावेत आणि जिथे अडले त्याचे उत्तर शोधून खाली लिहावे. आयआयएम रोहतकच्या आयपीएमसाठीही मुलाखत असते, आणि तिथे बोलावणे आले तर त्याच वहीपासून तयारी सुरू करता येते.