वर्गात चंद्रावर उतरा: 46 सेंटिमीटरपासून सुरुवात

रॉकेटची चित्रं पाहून मुलं पाच मिनिटं हरखतात. अभियांत्रिकीची खरी गोडी लागते ती सामान मोजकं आणि अट कडक असली की. लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारं यान, उतरवण्याचा हा प्रयोग चार-चार जणांच्या गटांत दीड तासात होतो.

प्रत्येक गटाला 15 सेंमी चौरस पुठ्ठा, एक कागदी कप, चार पोस्टकार्डं, सहा स्ट्रॉ, दोन रबरबँड, 60 सेंमी चिकटपट्टी आणि दोन गोट्या द्या. चिकटपट्टी कापूनच द्या. अख्खं रीळ हाती आलं की मुलं विचार सोडून गुंडाळत बसतात. कप पुठ्ठ्यावर तोंड वर करून चिकटवायचा, गोट्या आत सुट्या, आणि उरलेल्या सामानातून पुठ्ठ्याखाली धक्का झेलणारे पाय करायचे. उतरताना एकही बाहेर पडता कामा नये. झाकण चालणार नाही, पॅराशूटही नाही, कारण चंद्रावर हवा नाही. (मंगळाचं काय, असं कुणीतरी विचारतंच. तिथे विरळ हवा आहे. नासाच्या पर्सिव्हिअरन्स या मंगळावरच्या गाडीचं पॅराशूट 21.5 मीटर व्यासाचं होतं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही, शेवटी इंजिनं लागलीच.)

लँडर हातातून सोडायची पहिली उंची 46 सेंमी, पायांच्या तळापासून जमिनीपर्यंत मोजलेली. वेगाचा वर्ग = 2 × 9.8 × उंची (मीटरमध्ये), म्हणजे टेकतानाचा वेग सेकंदाला 3 मीटर. चांद्रयान-3 च्या विक्रम लँडरचे पाय एवढा उभा वेग सोसतील असे केले होते. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. पुढे 1 मीटर (वेग सेकंदाला 4.4 मीटर) आणि 2 मीटर (6.3): उंची दुप्पट झाली तरी वेग दुप्पट होत नाही, हे त्यांना आकड्यांतच दिसेल.

बहुतेक लँडर पहिल्या फेरीत फसतात. फसू द्या, उपाय सांगू नका. मोबाइलवर स्लो-मोशन चित्रण करून विचारा, 'आधी काय टेकलं?' पोस्टकार्डाच्या घट्ट घड्यांची स्प्रिंग धक्का साठवते आणि लगेच परत देते, म्हणून गोट्या उडतात. चुरगळणारी कागदी नळी तो धक्का गिळून टाकते. अमेरिकेच्या अपोलो मोहिमांतल्या लँडरच्या पायांत अशीच चेपणारी अॅल्युमिनियमची जाळी होती. एकदाच वापरायची, पण काम तेवढंच होतं. लँडर कलंडत असेल तर पाय जवळजवळ आहेत किंवा कप उंचावर आहे. कधी दोष रचनेचा नसतोच: सोडताना एक हात मागे राहतो आणि लँडर हवेतच तिरपा होतो.

दुसऱ्या फेरीआधी चांद्रयान-2 चा विषय काढा. 7 सप्टेंबर 2019 ला त्याचा विक्रम लँडर चंद्रावर आदळला. पुढच्या मोहिमेत, चांद्रयान-3 मध्ये, पाय मजबूत केले, उतरण्याची जागा 500 × 500 मीटरवरून 4 × 2.4 किमी केली, आणि 23 ऑगस्ट 2023 ला नवा विक्रम उतरला. हे सुरुवातीलाच सांगितलं तर नुसती बातमी वाटते.

आता एका वेळी एकच बदल करायचा, उंची आणि निकाल वहीत टिपायचा. दोन बदल एकदम केले तर कशामुळे जमलं हे कळत नाही. वेळ उरला तर 50 सेंमी फळीचं एक टोक 9 सेंमी उचला: सुमारे 10 अंशांचा उतार. सपाटीवर जिंकलेले बरेच लँडर इथे घसरतात.