फातिमा मातेची (पोर्तुगालमधल्या फातिमा गावी दर्शन दिलेल्या मरियामातेची) मूर्ती धर्मग्रामात (चर्चच्या पॅरिशमध्ये) येणार असेल तर

भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात (१३ मे हा फातिमा मातेचा सण) मिरवणूक सायंकाळी सहानंतरच काढा. दुपारी पारा ४२च्या वर असतो. लाकडी मूर्तीला बारीक तडे जातात, रंग सुटतो.

मूर्ती उचलताना हात किंवा खांदे धरू नका. बोटं तिथंच तुटतात. दोघांनी बैठकीखाली हात घालावा, मुकुट त्याआधीच काढून वेगळ्या डब्यात ठेवावा. पालखीला चार खांदेकरी एकाच उंचीचे हवेत; एक जरी बुटका असला तरी मूर्ती कलते. बैठक पट्ट्यानं आवळा, पट्ट्याखाली जाड कापड घाला.

खान्देशात केळीचे खांब हमखास लागतात. लावा, पण कापलेल्या टोकाला प्लॅस्टिक बांधा. चिकाचा डाग पांढऱ्या वेदीवस्त्रावरून जात नाही. हार गळ्यात घालू नका, पायाशी ठेवा. ओल्या फुलांनी रंग उडतो. मेणबत्त्या मूर्तीपासून किमान तीन फूट दूर, वाळूच्या ताटात. पंखा त्यांच्याकडे नको.

रोझरी (जपमाळेची प्रार्थना) घरोघरी फिरवायची असेल तर घरांची यादी फादरांकडून आधीच मंजूर करून घ्या, ऐनवेळी रुसवेफुगवे होतात. मिरवणुकीची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद.