पहिल्या डीएसएलआरसाठी लेन्स आणि इतर साहित्य कसे निवडावे

पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, बहुधा १८-५५ मिमी झूम लेन्ससह विकत मिळतो आणि त्याच वेळी बॅग, ट्रायपॉड, फिल्टर, साफसफाईचा संच अशा बऱ्याच वस्तू एकत्रित सवलतीत पुढे केल्या जातात. यातील बऱ्याचशा वस्तू पुढे कपाटात पडून राहतात, कारण आपण कशाचे आणि कोणत्या प्रकाशात फोटो काढणार आहोत हे तेव्हा आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणून पहिले काही महिने सोबत आलेल्या लेन्सवरच काढावेत. या किट लेन्सला नावे ठेवण्याची प्रथा आहे, पण दिवसाच्या चांगल्या उजेडात एफ/८ च्या (लेन्सच्या छिद्राच्या मध्यम आकाराच्या) आसपास तिने काढलेला फोटो महागड्या लेन्सच्या फोटोपासून वेगळा ओळखणे सरावलेल्या नजरेलाही सोपे जात नाही.

पुढची लेन्स कोणती घ्यावी, याचे उत्तर आपण काढलेल्या फोटोंतच असते. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ (मिमीमधला आकडा; तो जितका मोठा तितका विषय जवळ दिसतो), ॲपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; एफ/ पुढचा आकडा जितका लहान तितके ते मोठे), शटरचा वेग (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता) यांची नोंद होत असते आणि संगणकावर ती सहज वाचता येते. काही शे फोटो जमले की त्यांतले आपल्याला मनापासून आवडलेले आणि थोडक्यात हुकलेले फोटो वेगळे काढून या नोंदी पाहाव्यात. बहुतेक फोटो ५५ मिमीवर घेतलेले असतील आणि तरीही विषय लहान दिसत असेल, तर गरज टेलिफोटो लेन्सची आहे. पाठ भिंतीला टेकवूनही १८ मिमीमध्ये खोली मावत नसेल, तर वाइड अँगलची. हुकलेल्या फोटोंमध्ये अस्पष्टता असेल तर ती कोणत्या प्रकारची आहे, हे मात्र नीट पाहायला हवे. भिंत, टेबल, माणूस असे सगळेच एका दिशेने फरफटल्यासारखे दिसत असेल, तर हात हललेला आहे आणि त्यावर स्थिरीकरण (हाताचा हादरा भरून काढणारी सोय) असलेली लेन्स किंवा ट्रायपॉड हा उपाय आहे. भिंत स्पष्ट आणि धावणारे मूल तेवढे पुसट असेल, तर हललेला आहे तो विषय. तिथे स्थिरीकरणाचा काडीमात्र उपयोग होत नाही, शटरचा वेगच वाढवावा लागतो आणि त्यासाठी अधिक प्रकाश किंवा मोठे ॲपर्चर लागते. हा फरक लक्षात न आल्यामुळे चुकीची लेन्स घेतली जाण्याचे प्रकार फार घडतात.

लेन्स ठरवण्याआधी ती आपल्या बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यावर, बसते का आणि बसल्यावर पूर्ण काम करते का, हे दोन्ही तपासावे. कॅननच्या ईएफ लेन्स कंपनीच्या सर्व डीएसएलआर बॉडींवर बसतात, परंतु ईएफ-एस लेन्स फक्त लहान, म्हणजे एपीएस-सी सेन्सरच्या बॉडीवर बसतात. ईएफ लेन्सवर लाल ठिपका आणि ईएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन असतो. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकांतील बॉडींमध्ये फोकस करणारी मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेली जुनी एएफ-डी लेन्स त्यांच्यावर बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. अशा बॉडीसाठी स्वतःची मोटर असलेली एएफ-एस लेन्स घ्यावी. त्यानंतर आलेल्या एएफ-पी लेन्स काही जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत, म्हणून आपल्या बॉडीचे नाव सुसंगततेच्या यादीत पाहिल्याशिवाय त्या घेऊ नयेत. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, त्यामुळे पुढची बॉडी मिररलेस (आत आरसा नसलेली) असण्याची शक्यता गृहीत धरावी. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स ॲडॅप्टर (लेन्स आणि बॉडी यांमधला जोड) लावून आर मालिकेच्या मिररलेस बॉडींवर चालतात. निकॉनच्या मिररलेस बॉडींसाठीच्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्ये मोटर नसल्याने तिथेही एएफ-एस लेन्स फोकस करतात आणि एएफ-डी करत नाहीत. सिग्मा, टॅमरॉन किंवा टोकिना यांच्या लेन्स घेताना ती कोणत्या माउंटसाठी (लेन्स बसवण्याच्या जोडणीसाठी) बनवलेली आहे, हे खोक्यावर वाचून घ्यावे.

बहुतेकांना दुसरी लेन्स म्हणून प्राइम, म्हणजे एकाच फोकल लेंग्थची लेन्स, सर्वांत जास्त उपयोगी पडते. किट लेन्सचे ५५ मिमीवरचे सर्वांत मोठे ॲपर्चर एफ/५.६ असते, एफ/१.८ च्या लेन्समधून त्याच्या सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत येतो. ज्या खोलीत १/१० सेकंदाचा शटर ठेवावा लागत होता, तिथे त्याच आयएसओवर जवळजवळ १/१०० सेकंदाने फोटो निघतो आणि शांत बसलेल्या माणसासाठी तेवढे पुरेसे असते. ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी असल्यामुळे सरसकट सुचवली जाते, पण एपीएस-सी सेन्सर चित्राचा मधला भागच टिपतो. निकॉनवर १.५ आणि कॅननवर १.६ ने गुणले, की ५० मिमीची दृष्टी फुल फ्रेमवरच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरवरच्या, ७५ किंवा ८० मिमीइतकी अरुंद होते. चेहऱ्यांच्या फोटोंसाठी ती उत्तम आहे, परंतु लहान खोलीत चार माणसांचा फोटो काढायला मागे सरकण्यास जागा उरत नाही. घरातले फोटो अधिक काढणाऱ्यांनी ३५ मिमी एफ/१.८ चा विचार करावा. कॅननवर हलकी आणि चपटी २४ मिमी एफ/२.८ हाही चांगला पर्याय आहे. निवडीआधी किट लेन्स एक दिवस ३५ वर आणि एक दिवस ५० वर ठेवून, झूम न फिरवता फोटो काढून पाहावेत. एफ/१.८ वर जवळून काढलेल्या चेहऱ्यात एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट होऊ शकतो, म्हणून फोकसचा बिंदू स्वतः निवडण्याची सवय लावून घ्यावी.

पक्षी, मैदानी खेळ किंवा रंगमंच हे विषय असतील तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिमी या पट्ट्यातील टेलिफोटो घ्यावी आणि तिच्यात स्थिरीकरण असल्याची खात्री करावी. एपीएस-सी बॉडीवर २५० मिमी म्हणजे फुल फ्रेमच्या ३७५ ते ४०० मिमीइतकी दृष्टी. स्थिरीकरणाशिवाय हातात धरून फोटो काढायचा तर शटर साधारण १/४०० सेकंदाच्या खाली नेऊ नये. फुले आणि कीटकांचा नाद लागल्यास १:१ प्रमाण देणारी, म्हणजे विषय सेन्सरवर खऱ्या आकाराइतका उमटवणारी, मॅक्रो लेन्स हवी, परंतु तो नाद टिकतो का, हे आधी एक्स्टेन्शन ट्यूबवर (लेन्स आणि बॉडी यांमध्ये बसणाऱ्या पोकळ नळीवर) पाहून घ्यावे: अनंतावर फोकस केलेल्या ५० मिमी लेन्समागे २५ मिमीची ट्यूब लावली की विषय सेन्सरवर निम्म्या आकाराचा उमटतो. फोकसची माहिती पुढे नेणारे विद्युत संपर्क असलेलीच ट्यूब घ्यावी. १८-३०० मिमीसारख्या सर्वसमावेशक लेन्सबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. एक लेन्स सगळीकडे चालते खरी, पण कमी उजेडातली किट लेन्सची अडचण तशीच राहते.

लेन्स जुनी घेणे मुळीच कमीपणाचे नाही. आतून टॉर्च दाखवून कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे, म्हणजे बुरशी, दिसते का ते पाहावे. दिसल्यास किंमत कितीही उतरली तरी लेन्स परत करावी. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नसावे, फोकस आणि झूमच्या रिंगा अडखळू नयेत. काचेवरच्या बारीकशा चऱ्याने किंवा आतल्या चार धूलिकणांनी फोटोत सहसा काहीही दिसत नाही. त्यांचा उपयोग किंमत कमी करून घेण्यासाठी होतो.

इतर साहित्यात सर्वांत आधी मेमरी कार्ड आणि जादा बॅटरी घ्यावी. २४ मेगापिक्सेलच्या एका रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ) फाइलला साधारण २५ एमबी लागतात, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डात हजारभर फोटो मावतात. एकाच मोठ्या कार्डापेक्षा मध्यम क्षमतेची दोन कार्डे बरी, कारण बिघडलेल्या कार्डाबरोबर सगळेच फोटो जात नाहीत. व्हिडिओ काढायचा असेल तर व्ही३० ही खूण पाहावी. ती सेकंदाला किमान ३० एमबी लिहिण्याची हमी आहे.

ट्रायपॉडच्या बाबतीत स्वस्त आणि डगमगणारा घेण्यापेक्षा काही काळ तो न घेतलेला बरा. कॅमेरा आणि सर्वांत जड लेन्स यांच्या एकत्रित वजनाच्या दुप्पट भार पेलणारा, आणि मधला दांडा वर न काढता डोळ्यांच्या जवळपास पोहोचणारा ट्रायपॉड निवडावा. रिमोट लगेच घेण्याची गरज नसते. दोन सेकंदांच्या सेल्फ टायमरने बटण दाबल्याचा हादरा टळतो.

यूव्ही फिल्टर सुचवला जातो, पण सेन्सरवर आधीच अतिनील किरण रोखणारे आवरण असते, त्यामुळे फिल्टरचा उपयोग समोरच्या काचेच्या रक्षणापुरता उरतो. ते काम लेन्स हूड (लेन्सपुढे लावायचे कवच) करते आणि तिरप्या प्रकाशाने येणारा धूसरपणाही थांबवते. संगणकावर ज्याचा परिणाम साधता येत नाही असा फिल्टर म्हणजे पोलरायझर: तो पाण्यावरचे आणि पानांवरचे प्रतिबिंब काढून टाकतो आणि सूर्यापासून ९० अंशांवरचे आकाश गडद करतो. डीएसएलआरसाठी तो सर्क्युलर प्रकारचाच घ्यावा, कारण लिनियर प्रकारामुळे ऑटोफोकस आणि प्रकाशमापन चुकू शकते. वेगवेगळ्या व्यासांच्या लेन्स असतील तर सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच फिल्टर घेऊन बाकीच्यांना स्टेप-अप रिंग लावाव्यात.

घरातल्या समारंभांचे फोटो काढणाऱ्याला नव्या लेन्सपेक्षा डोके फिरवता येणारा फ्लॅश अधिक बदल घडवून दाखवतो. तो पांढऱ्या छताकडे वळवला की प्रकाश मोठ्या पृष्ठभागावरून मऊ होऊन खाली येतो आणि भिंतीवरच्या कडक सावल्या नाहीशा होतात. फिल्मच्या काळातला फ्लॅश मात्र तपासल्याशिवाय लावू नये. काहींचे ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅश चालू करणाऱ्या संपर्कावरचे व्होल्टेज) २०० व्होल्टच्याही वर असते आणि त्याने कॅमेऱ्यातील सर्किट जळू शकते.

साफसफाईसाठी रबरी हातपंप, मऊ ब्रश आणि मायक्रोफायबर कापड पुरे. काचेवर कापड फिरवण्याआधी पंपाने धूळ उडवावी, नाहीतर तीच धूळ काचेवर घासली जाते. आतल्या आरशाला कधीही हात लावू नये. सेन्सरवर हवा मारायची असेल तर बॅटरी पूर्ण भरून, मेनूमधून आरसा वर उचलून, बॉडीचे तोंड खाली ठेवून मारावी. दाबून भरलेल्या गॅसचा डबा तिथे वापरू नये, कारण त्यातील द्रव सेन्सरवर उडून डाग पडतात. दमट हवेत कॅमेरा बॅगेत बंद करून ठेवण्याऐवजी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवावा आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.