जुना सिंथेसायझर परवडेल अशा भावात कसा मिळवावा

जुन्या सिंथेसायझरची हौस लागली की माणूस थेट मिनीमूग किंवा ज्युनो-१०६ अशी गाजलेली मॉडेलं शोधायला निघतो आणि भाव बघून गार पडतो. तिथे घासाघीस करून फारसं काही सुटत नाही. आधी शोधायचं काय, तेच बदला.

गाजलेल्या मॉडेलचं, कीबोर्डच्या पट्ट्या नसलेलं भावंड बघा. यामाहाचा डीएक्स-७ आला १९८३ मध्ये. त्याचंच आवाज तयार करणारं यंत्र टीएक्स-७ नावाच्या लहान डब्यात मिळतं. रोलंडच्या अल्फा ज्युनोचं एमकेएस-५०, कॉर्गच्या डीडब्ल्यू-८०००चं ईएक्स-८०००. त्याच १९८३ साली मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायची सामाईक पद्धत आली, त्यामुळे असा डबा मिडीची सोय असलेल्या आजच्या कुठल्याही साध्या कीबोर्डवरून वाजवता येतो. टीएक्स-७वर नवे आवाज बनवायला मात्र कंप्युटर किंवा डीएक्स-७ जोडावा लागतो.

भाव ठरवताना विक्रेते मागतात ते आकडे सोडून द्या, वस्तू प्रत्यक्षात कितीला गेली ते बघा. शोधताना नावाचं चुकीचं स्पेलिंग आणि नुसतं ‘जुना कीबोर्ड’ असंही टाकून पाहा. घर आवरायला काढलेल्या माणसाला मॉडेलचं नाव माहीत नसतं. संग्राहकाला ते तोंडपाठ असतं आणि तो त्याचेच पैसे लावतो.

आता खरं काम. शक्यतो स्वतः जाऊन, हेडफोन घेऊन तपासा, आणि घाई करू नका. प्रत्येक पट्टी एकदा हळू, एकदा जोरात दाबा. नॉब-स्लायडर फिरवताना नुसती खरखर आली तर घाबरू नका, बहुतेकदा साफ केल्यावर ती जाते. ज्युनो-१०६वर एकापाठोपाठ सहा पट्ट्या दाबा, एकही न सोडता. त्यात एका वेळी वाजणारे सहा स्वतंत्र आवाज आहेत आणि प्रत्येकामागे ८००१७ए ही चिप. सहांपैकी एखादा सूर मुका, फाटका किंवा कडकडणारा निघाला, तर चिपवर संशय घ्या. हा या मॉडेलचा नेहमीचा आजार. कॉर्गच्या १९८१च्या पॉलिसिक्समध्ये दुखणं वेगळं: आतली मेमरीची बॅटरी गळते आणि सर्किट बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते. शक्य असेल तर झाकण उघडलेला फोटो मागा. डीएक्स-७ची बॅटरी संपलेली असेल तर सेव्ह केलेले आवाज उडतात, पण बॅटरी बदलून ते मिडीवरून परत भरता येतात. एवढ्यासाठी सौदा सोडू नका, भाव मात्र जरूर पाडून घ्या.

मागच्या बाजूला व्होल्टेज वाचायला विसरू नका. जपानी बाजारासाठी बनवलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. थेट २३० व्होल्टला लावलंत तर जळेल. ट्रान्सफॉर्मरचा खर्च आधीच धरा.

‘तपासलेलं नाही’ असं लिहिलेली वस्तू बंदच आहे असं समजून बोली लावा. पैसे देण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याला फोन करा: हे मॉडेल हातात घेतो का, सुटे भाग मिळतात का, अंदाजे किती लागतील? चालू स्थितीतल्या यंत्राच्या भावातून तो खर्च वजा करा आणि वर आणखी थोडं सोडा, कारण आत काय निघेल हे उघडल्याशिवाय त्यालाही सांगता येत नाही. विक्रेता तेवढ्यात देत नसेल तर नंबर देऊन निघा. कोणी घेतलं नाही, की त्याचाच फोन येतो.