जुन्या वस्तूंच्या शोधाचा व्यवसाय कसा उभारावा

पुण्याच्या मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी नेमाने फिरणाऱ्या माणसांपैकी पुष्कळांच्या घरी अडकित्ते, लामणदिवे, कुलपे आणि नाणी यांनी कपाटे भरलेली असतात. या छंदावर घर चालवणारे मात्र त्यांत फार थोडे निघतात. याचे कारण नजर कमी पडते हे नव्हे, कारण छंदिष्टाची नजर अनेकदा व्यापाऱ्यापेक्षाही तयार असते. वस्तू विकायला त्याचा जीव होत नाही, आणि ती कोठून, कोणाकडून व किती रुपयांना आली याची नोंद त्याच्यापाशी नसते, हे खरे कारण होय. जाणकार गिऱ्हाईक वस्तूबरोबर तिची खात्रीही विकत घेत असते, आणि ही खात्री नोंदीतून येते.

म्हणून भांडवलाच्या आधी एक जाड वही घ्यावी. प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन खरेदीची तारीख, विक्रेत्याचे नाव व गाव, दिलेली किंमत, मोजमाप, वजन, वस्तूवरील अक्षरे किंवा शिक्के, आढळलेले दोष आणि नंतर करून घेतलेली दुरुस्ती या गोष्टी त्याच दिवशी लिहाव्यात, आणि साफसफाईच्या आधीचे छायाचित्र जपून ठेवावे. विक्रेत्याची सही असलेली साधी पावती मिळाली तर उत्तम. वस्तू चोरीची असल्याचा प्रश्न उद्या उपस्थित झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

दुसरा निर्णय संग्रह आणि माल वेगळे करण्याचा आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय या दृष्टीने अवश्य पाहावे. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, वाद्ये, दारे अशा वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या आणि १९६२ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. घरचा व्यवसाय मात्र चष्म्यांचा होता. त्यांनी संग्राहकाचा मार्ग निवडला होता. ज्याला व्यापार करायचा आहे त्याने स्वतःसाठी एखादाच प्रकार राखून ठेवावा (समजा, फक्त कुलपे) आणि बाकी सारे विक्रीला आहे असे मनाशी ठरवून टाकावे.

सुरुवातीला क्षेत्र अरुंद असणेच हिताचे ठरते. पितळी व तांब्याची भांडी, चांदीची नाणी, शिळाछपाईची (म्हणजे दगडावरून छापलेली) चित्रे, वाड्यांचे लाकूडकाम यांपैकी एक निवडून त्यात वर्षभर डोळे आणि बोटे तयार करावीत. जुन्या घंगाळाचे उदाहरण घ्या. हाताने घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या खुणा सारख्या अंतरावर नसतात, आणि पत्रे जोडलेल्या ठिकाणी अनेकदा दातांसारखा एकमेकांत गुंतलेला सांधा दिसतो; उलट यंत्रावर फिरवून केलेल्या भांड्याच्या बुडाशी एककेंद्री बारीक रेषा आढळतात. झीज कोठे झाली आहे तेही पाहावे. खरी झीज हात लागतो तेथे, म्हणजे कड्यांवर, काठावर आणि बुडाच्या कडेला असते. मुद्दाम जुना केलेला माल सगळीकडे सारखाच काळवंडलेला असतो. खिशात लोहचुंबक ठेवावे, कारण पितळेचा मुलामा दिलेले लोखंड त्याला लगेच चिकटते.

नाण्यांसाठी तराजू हवा. ब्रिटिश अमलातील १८६२ पासूनचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी असे. १९४० पासून हे प्रमाण पन्नास टक्क्यांवर आले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे. वजन बरोबर भरले म्हणजे नाणे अस्सल ठरले असे मात्र नाही. अक्षरांच्या कडा बोथट असणे, पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे असणे, कडेला जोडाची रेष दिसणे ही नकलेची लक्षणे भिंगाखाली तपासावी लागतात. रामदरबाराचे चित्र असलेली ‘टाकसाळीतील जुनी नाणी’ म्हणून जे काही विकले जाते, त्यापासून चार हात दूर राहावे. नाणे चिंचेने किंवा राखेने घासून लखलखीत करण्याचा मोहही टाळावा, कारण घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकांच्या बाजारात उतरते. या विषयात खोल जायचे असेल तर नाशिकजवळील अंजनेरी येथे नाणकशास्त्राला वाहिलेली संशोधन संस्था आहे; तिला भेट दिल्यास लाभच होईल.

शिळाछपाईच्या चित्रांत रविवर्मा छापखान्याची चित्रे सर्वाधिक मागितली जातात, आणि म्हणूनच त्यांच्या नकलाही सर्वाधिक आहेत. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळील मळवली येथे गेला. दहापट मोठे दाखवणारे भिंग चित्रावर धरले की मूळ छपाईत दगडावर हाताने उठवलेले अनियमित ठिपके दिसतात. अलीकडच्या ऑफसेट छपाईत रंगांचे ठिपके जाळीसारखे शिस्तीत बसलेले असतात. चौकटीत बसवण्यासाठी समास कापलेला असेल, तर खाली छापलेले नावही त्याबरोबर गेलेले असते. किंमत ठरवताना हे लक्षात घ्यावे. जरतार आणि टिकल्या लावून देवीला सजवलेली प्रत मात्र दोषपूर्ण समजू नये, कारण तिला वेगळे गिऱ्हाईक असते.

पितळी कर्ण्याच्या ग्रामोफोनबाबत एकच सांगतो: बाजारात चकचकीत दिसणारे बहुतेक नग नवा कर्णा, नवी पेटी आणि कोठले तरी जुने यंत्र यांची जोडणी असतात. मीही असा एक घेतला आहे, आणि तो आजतागायत विकलेला नाही.

माल मिळवण्यासाठी मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीट प्रसिद्ध असला, तरी तेथील दुकानदार आपल्यापेक्षा अधिक जाणतात. तेथे शिकायला जावे, स्वस्तात घ्यायला नव्हे. खरा माल वाडे पाडले जात असताना, घराच्या वाटण्या होत असताना आणि भंगाराच्या दुकानात मिळतो, जेथे समई किलोच्या भावाने मोडीत निघालेली असते. भंगारवाल्याला मोडीच्या भावापेक्षा थोडे अधिक देऊन ‘असे काही आले की आधी मला कळवा’ असे सांगून ठेवावे. वृद्ध घरमालकाकडून घेताना मात्र वस्तूची खरी योग्यता लपवू नये. पेठेत किंवा गावात अशी बातमी फार लवकर पसरते, आणि पुढचे दार उघडत नाही.

आता कायदा, ज्याकडे हौशी विक्रेते सर्रास दुर्लक्ष करतात. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणे किंवा कारागिरीची वस्तू पुरावशेष ठरते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. निर्यातीच्या गुन्ह्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. धातूच्या किंवा दगडाच्या मूर्ती, चित्रे व सचित्र हस्तलिखिते यांसारख्या अधिसूचित वस्तूंची नोंदणीही मालकाला करावी लागते. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या निखात निधी कायद्याने बंधनकारक आहे, आणि हस्तिदंत तर वन्यजीव कायद्यामुळे व्यापारातून बादच समजावे. देवळातील मूर्ती कितीही स्वस्त मिळाली तरी तिला हात लावू नये. या सगळ्याचा व्यावहारिक अर्थ असा की, नवख्याने परवाना मिळेपर्यंत शंभर वर्षांच्या आतल्या वस्तूंवर व्यवसाय उभारावा. एनॅमलच्या पाट्या, बिस्किटांचे डबे, रेडिओ, घड्याळे, चित्रपटांची भित्तिपत्रके, स्वातंत्र्योत्तर काळातील लाकडी फर्निचर यांना मागणी कमी नाही. परदेशातील मराठी घरांतून समई किंवा पाटाची विचारणा होते, तेव्हा वस्तू पुरावशेष नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र आधी घ्यावे आणि मगच पार्सल बांधावे.

किंमत ठरवताना खरेदीत प्रवास, दुरुस्ती, साठवण आणि अडकून पडलेला काळ मिळवावा. अडीच हजारांना घेतलेल्या घंगाळाला तीनशे रुपये प्रवासाचे आणि सहाशे रुपये तांबटाचे लागले, व ते पाच महिन्यांनी साडेचार हजारांना गेले, तर नफा दोन हजारांचा नसून अकराशे रुपयांचा आहे, आणि त्यातूनच जागेचे भाडे द्यायचे आहे. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठी वस्तू व सेवा करात केवळ खरेदी-विक्रीतील फरकावर कर आकारण्याची सोय आहे. तिच्या अटी कर सल्लागाराकडून समजून घ्याव्यात, आणि तेथेही वहीच मागितली जाईल. पुण्या-मुंबईत चित्रपट व मालिकांना वस्तू भाड्याने देणे हा विक्रीइतकाच चांगला मार्ग आहे, कारण वस्तू आपलीच राहून पुन्हा पुन्हा कमावते. मात्र अनामत रक्कम आणि नुकसानभरपाई आधी लेखी ठरवावी.

नोकरी सोडण्याचा विचार पहिले वर्ष संपल्यावर वही उघडूनच करावा. सहा महिन्यांहून अधिक काळ पडून असलेल्या वस्तूंमध्ये भांडवलाच्या एक तृतीयांशाहून अधिक रक्कम अडकली असेल, तर नवी खरेदी थांबवून तो माल खरेदीच्या भावात, वेळ पडल्यास तोट्यातही, काढून टाकावा. आणि सलग बारा महिने निव्वळ नफ्यातून घरखर्च भागल्याचे त्याच वहीत दिसेपर्यंत राजीनामा लिहू नये.