कागदाचा फणा

डिप्लोमा, मग मेकॅनिकलची डिग्री आणि भोसरीतली एक छोटी कंपनी. तिथे पहिल्याच महिन्यात मला स्कॅनरचं काम मिळालं. गिऱ्हाईक परीक्षांच्या उत्तरपत्रिका स्कॅन करणारं होतं. उत्तरपत्रिकेची शिवलेली कड कापायची, सुटी पानं ट्रेमध्ये ठेवायची आणि मशीनने एकेक पान ओढून दोन्ही बाजू टिपायच्या. चित्र टिपणारे सेन्सर, सॉफ्टवेअर दुसऱ्यांकडे. माझ्याकडे फक्त पान ओढणं. सोपं काम पदरात पडलं म्हणून मी खूशही झालो होतो.

पहिलं मशीन आम्ही ऑफिसातल्या कागदाच्या नव्याकोऱ्या रिमवर तपासलं. आठवडाभर एकही जॅम नाही. जुलैमध्ये ते कोकणातल्या एका केंद्रावर गेलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन: "दर दहा-बारा पानांनी अडकतंय, या तुम्ही." एसटीने गेलो. खोलीत एसी, बाहेर मुसळधार पाऊस, आणि गठ्ठे बाहेरच्या व्हरांड्यात. पोरांनी पेपर लिहिताना गुंडाळलेले, दोऱ्याने आवळलेले, वर दमट हवा खाल्लेले. टेबलावर ठेवलं की पान गच्चीवर वाळत घातलेल्या पापडासारखं कडा उचलायचं.

बाजूचं कव्हर काढलं आणि मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं. नुसत्या डोळ्यांना "फर्र" आणि जॅम एवढंच कळतं. व्हिडिओत दिसलं की पान रोलरमधून सरळ निघतंय, पण पुढची कड नागाने फणा काढावा तशी वर उठतेय आणि वरच्या सेन्सरच्या काचेपाशी एक कोपरा टेकतोय. मागून रोलर ढकलतच होता, त्यामुळे पानाची तिथेच चुणी. ड्रॉइंगमध्ये मी काच आणि तिच्या अलीकडचं प्लॅस्टिक समपातळीत दाखवलं होतं. प्रत्यक्षात काच डबल टेपवर बसलेली, प्लॅस्टिक जरा वाकलेलं. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला तर ०.४ मिमीची पायरी. ८० जीएसएमचा (चौरस मीटरला ८० ग्रॅम) कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. म्हणजे त्याच्या चौपट उंचीची भिंतच मी त्याच्यापुढे बांधली होती.

नव्याने येणाऱ्यांना पहिली गोष्ट हीच सांगतो: कागदाच्या वाटेवर दोन भाग समपातळीत कधीच काढू नका. समपातळी फक्त कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या ड्रॉइंगमध्ये असते. पायरी राहणारच आहे असं धरा आणि ती कुठल्या बाजूला राहील ते आपण ठरवा. खालच्या अंगाला पुढचा भाग मागच्यापेक्षा किंचित खाली, वरच्या अंगाला किंचित वर. कागदाने पायरी उतरावी, चढू नये. नंतर जागा पुन्हा अरुंद करायची ती हलक्या उताराने. त्या दिवशी कोकणात मी पातळ पॉलिएस्टर फिल्मची पट्टी कापून प्लॅस्टिकपासून काचेपर्यंत चिकटवली आणि जॅम जवळपास थांबले. चांगल्या चांगल्या प्रिंटरमध्येही अशा पट्ट्या असतात. तोवर मला ते पॅकिंगचं राहिलेलं प्लॅस्टिक वाटायचं.

कागदाला हे वळण येतं कुठून तेही समजून घ्या. कागद बनताना तंतू बहुतेक एकाच दिशेने पडतात. दमट हवेत तंतू लांबीला जेमतेम वाढतो, जाडीला मात्र फुगतो. म्हणून कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त पसरतो आणि वळताना नळी होते ती तंतूंच्या दिशेने. तपासायचं असेल तर छोटा तुकडा एका बाजूने ओला करा, कुठे वळतो बघा. ही नळी चालीच्या, म्हणजे पान मशीनमधून जातं त्या दिशेने असेल तर पान पन्हळीसारखं ताठ राहतं, फक्त कडेचे कोपरे सांभाळायचे. आडवी असेल तर अख्खी पुढची कड वर किंवा खाली जाते. खरा त्रास तिचाच.

पान पूर्ण सपाट करायच्या मागे मी सहा महिने घालवले, ते वाया गेले. सपाट लागते फक्त स्कॅनची रेघ, म्हणजे सेन्सर पान वाचतो ती जागा. काचेला लागून बसणारे सेन्सर फार कमी खोलीत स्पष्ट बघतात. पान अर्धा मिलिमीटर उचललं तरी अक्षरं पुसट. म्हणून त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे शक्य तितके जवळ रोलर द्या आणि पलीकडचा एखादा टक्का जास्त वेगाने फिरवा, पण हलक्या दाबाने. पान ताणलेलं राहतं. दाब जास्त झाला तर शेपूट पहिल्या रोलरमधून सुटताच पान झटका खातं आणि चित्रात तळाशी पट्टा उमटतो. आमच्याकडे तो पट्टा नेमका गुणांच्या चौकटीवर यायचा.

पानं वेगळी करणाऱ्या रोलर-पॅडबद्दल पुस्तकात भरपूर मिळेल. पुस्तकात नसलेली एक गोष्ट: कड कापणाऱ्या कटरचं पातं बोथट असेल तर पानं कापलेल्या कडेला एकमेकांना चिकटतात, आणि शिव्या मात्र तुमच्या रोलरला बसतात. आधी गठ्ठा फुलवून बघा. दोन पानं एकदम आली तर ओळखणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर बारकोडच्या स्टिकरलाही दुसरं पान समजतो. तेवढी जागा त्याला वगळायला सांगावी लागते.

चाचणीसाठी नवी रिम वापरू नका. आम्ही आता पानं रात्रभर पाइपवर गुंडाळून ठेवतो, सकाळी टेबलावर ठेवून चारही कोपरे किती उचललेत ते स्टीलच्या पट्टीने मोजतो आणि ५, १०, २० मिमी असे वेगळे गठ्ठे करतो. सगळे गठ्ठे उलटे आणि सुलटे दोन्हीकडून चालवायचे. पावसाळा हवा असेल तर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात वाटीभर मिठाचा ओला लगदा ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. हवा हवी तशी दमट ठेवणाऱ्या महागड्या कपाटाच्या, क्लायमेट चेंबरच्या मंजुरीची वाट बघत बसायला नको.

शिकायचं असेल तर रविवारी पुण्यातल्या जुन्या बाजारातून मेलेला प्रिंटर आणा आणि स्क्रू न हरवता उघडा. कुठे उतार आहे, कुठे रोलर मुद्दाम दोन-तीन तुकड्यांत दिलाय, ते बोटाने चाचपून बघा. मी अजूनही हे करतो; घरच्यांना ते आवडत नाही.

कोकणातल्या त्या केंद्रावर एक ताई ऑपरेटर होत्या. गठ्ठा ट्रेमध्ये ठेवण्याआधी त्या टेबलाच्या कडेवरून तो वळणाच्या उलट दिशेने एकदा ओढून घ्यायच्या. त्यांच्या मशीनवर जॅम कमी यायचे. वळलेला कागद बारीक रोलरभोवती उलटा वाकवायची युक्ती मी नंतर पेटंटांमध्ये वाचली. पुढच्या मॉडेलमध्ये तसा रोलर घालून पाहिला. पण कोपरा दुमडलेलं पान त्यात अधिकच चुरगळायचं, म्हणून काढून टाकला. आता ट्रेच्या अलीकडे एक गुळगुळीत गोल कड दिली आहे, ताईंच्या टेबलासारखी.

दुमडलेला ओला कोपरा आजही अडकतो. त्यासाठी मोटरचा करंट मर्यादेबाहेर गेला की मशीन लगेच थांबतं आणि कव्हर एका हाताने पूर्ण उघडतं. पान फाटलं तर दुसरी प्रत नाही, ते कुणाचे तरी बारावीचे मार्क असतात.